वास्तुशांतीच्या फोटोत, काचेत बाबा दिसताहेत. काय समजायचं?

कोलशेतची_लेक
नमस्कार. कोलशेतला नवीन फ्लॅट घेतला, गेल्या महिन्यात वास्तुशांत झाली. बुकिंग बाबांनीच केलं होतं, पण ताबा मिळायच्या आत ते गेले. रात्री पाहुणे निघताना भाच्याने हॉलमध्ये मोबाइलवर फोटो काढला. मागे बाल्कनीची सरकती काच आहे. त्या काचेत आईच्या खांद्यामागे पांढऱ्या कपड्यातला, जरासा वाकलेला माणूस दिसतो. त्याच्या अंगातून समोरच्या टॉवरचे दिवे दिसतात. चेहरा पुसट आहे, पण कपाळ आणि कान अगदी बाबांचे.

आई बघताक्षणी म्हणाली, "हे आलेत." त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नात्यातल्या एकाने फोटो परस्पर एका गृहस्थांना दाखवला. ते म्हणतात आत्मा अडकलाय, शांत करावी लागेल, पस्तीस हजार खर्च येईल. आई एफडी मोडायला निघालीय. फोटोत काही जोडाजोड नाही, माझ्यासमोर काढलाय. मग हे आहे तरी काय?

नौपाड्याचा_फोटोवाला
ताई, एफडीला आज हात लावू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

माझा जन्म स्टुडिओत गेला, रोलच्या काळापासून. भाच्याने काही केलेलं नाही हे मी धरूनच चालतो. पण फोटो खरा आहे एवढ्यावरून काचेतला माणूस कोण हे ठरत नाही. रात्री आत दिवे आणि बाहेर अंधार असला की काच आरशासारखी वागते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस तिच्यात बाल्कनीत उभा असल्यासारखा दिसतो, आणि बाहेरचे दिवे त्याच्यातून आरपार दिसतात. त्यात सरकत्या खिडकीचे दोन पल्ले एकावर एक आले तर दोन प्रतिबिंबं जराशी सरकून पडतात आणि चेहरा फिसकटतो. शिवाय कमी उजेडात हल्लीचे मोबाइल लागोपाठच्या अनेक फ्रेम घेऊन एक फोटो तयार करतात. तेवढ्यात जो हलला तो अर्धवट उमटतो.

आता कपाळ आणि कान. पुसट डागात आपल्याला चेहरा सापडतो, आणि जो माणूस मनात असतो त्याचाच सापडतो. १८७५ साली पॅरिसमध्ये ब्युगे नावाच्या फोटोग्राफरवर खटला झाला. तो गिऱ्हाइकांच्या फोटोत त्यांची मेलेली माणसं आणून द्यायचा. पोलिसांना त्याच्याकडे बाहुली आणि फोटोंतून कापून ठेवलेली मुंडकी सापडली. त्याने स्वतः कबुली दिली. तरीही साक्षीदार कोर्टात सांगत राहिले की नाही, ही माझीच माणसं, मी ओळखलंय त्यांना. ही माणसं मूर्ख होती असं मी कधीच म्हणणार नाही.

कारण ती ओढ मी काउंटरवर बघितलीय. आमच्याकडे लोक गेलेल्या वडिलांचा पासपोर्ट फोटो घेऊन यायचे, लग्नाच्या ग्रुप फोटोत बसवून द्या म्हणायचे. मी एन्लार्जरखाली काळ्या कागदाचा मास्क धरून दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापायचो. खांद्याची कड जुळली नाही तर ब्रशने टचिंग. घोडबंदरच्या एका बाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. प्रिंट हातात आल्यावर त्या नवऱ्याच्या बाहीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "यांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय बघा." त्यांना काहीही ठाऊक नव्हतं असं नाही.

नेरुळची_काकू
फोटोवाले भाऊ, शास्त्र मान्य. पण तुम्ही प्रतिबिंब कसं पडलं ते सांगितलंत. त्याच रात्री, त्याच माऊलीच्या मागे का पडलं, याचं उत्तर काचेत नाही. माझं माहेर मालवणकडचं. घरातलं गेलेलं माणूस शुभकार्याला येऊन जातं असं आम्ही मानतो, मीही मानते. त्यासाठी मला फोटो लागत नाही. कोलशेतच्या ताई, आईंना ते आले असं वाटत असेल तर वाटू द्या. पण अडकलेत म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. स्वतः बांधलेल्या घरात आलेल्या माणसाला हाकलायचे पैसे कसले घेता?

नौपाड्याचा_फोटोवाला
काकू, शेवटच्या वाक्याला माझा हात वर. 'का'चं उत्तर मात्र मला देता येतं असं वाटतं. त्या रात्री किती फोटो निघाले असतील! ज्यात काही दिसलं तोच उरला, बाकीचे कोणी पुन्हा उघडले नाहीत.

कोलशेतच्या ताई, एवढं करा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो नको, भाच्याच्या मोबाइलमधला मूळ घ्या. त्याच्या माहितीत एक्स्पोजरचा वेळ, म्हणजे फोटो टिपायला किती वेळ लागला ते, दिसेल. त्याच्या आधीचे आणि नंतरचे फोटो बघा. मग रात्री तेच दिवे लावून, पल्ले तसेच ठेवून, त्याच जागेवरून पुन्हा काढा आणि पांढऱ्या कपड्यातल्या कुणाला तरी आत फिरायला सांगा. त्या गृहस्थांकडून पस्तीस हजारांचा हिशोब लेखी मागा. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे. तुमचं प्रकरण त्यात बसतं का ते वकील सांगेल, पण कायद्याचं नाव काढून बघा.

कोलशेतची_लेक
काल रात्री केलं. मूळ फोटोच्या आधीच्या फोटोत गुरुजी स्वयंपाकघराच्या दाराशी वाकून पिशवी भरताहेत, अंगावर पांढरं उपरणं. भाऊ पांढरा सदरा घालून तिथे वाकला तर काचेत तस्साच उमटला, आरपार. पल्ले एकावर एक होते, कडा दुहेरी आली. गृहस्थांना लेखी हिशोब मागितला, तेव्हापासून फोन उचलत नाहीत. एफडी शाबूत आहे.

पण काका, खरं सांगते, भावाच्या फोटोत कान तसे नाहीत. आणि आईला हे अजून दाखवलेलं नाही. दाखवू का?

नौपाड्याचा_फोटोवाला
भावाचे कान गुरुजींसारखे कसे असतील, ताई? आईंनी विचारलं तर दोन्ही फोटो शेजारी ठेवा, काही लपवू नका. नाही विचारलं तर मागे लागू नका. आणि बाबांचा एखादा जुना फोटो किंवा निगेटिव्ह घरात असेल तर घेऊन या, बुरशी लागली असली तरी चालेल. मोठा करून देतो. दुपारी चारनंतर मी दुकानातच असतो.