मदत हवी आहे : तुर्कस्तानातली ख्रिस्ती इतिहासाची अभ्याससहल

नमस्कार मंडळी,

आम्ही सहाजण (दोघे इतिहासाचे शिक्षक, बाकी नुसते हौशी) तुर्कस्तानला दहा दिवसांची अभ्याससहल आखतोय. विषय एकच, सुरुवातीच्या शतकांतला ख्रिस्ती धर्म.

इस्तंबूलमधली 537 साली चर्च म्हणून पूर्ण झालेली हागिया सोफिया, 431च्या धर्मपरिषदेचं इफिसस आणि कप्पाडोकियात गोरेमेची खडकात कोरलेली, भित्तिचित्रांनी भरलेली चर्चेस, एवढं नक्की. आपल्याकडची लेणी पाहिलेल्यांना गोरेमे जवळचं वाटेल असा माझा अंदाज. घोडं अडलंय ते इझनिकपाशी. हेच जुनं निकिया, 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने पहिली मोठी धर्मपरिषद भरवली ते गाव. इस्तंबूलहून एका दिवसात जाऊन येणं जमतं का, की मुक्कामच करावा? मला मुक्काम बरा वाटतो, बाकीच्यांना वेळ वाया जाईल असं वाटतं.

दुसरं म्हणजे, हागिया सोफिया 2020पासून पुन्हा मशीद आहे. वरच्या सज्जातली मोझेक चित्रं निवांत बघता येतात का? बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या) कलेची खरी जाण असलेला इंग्रजी बोलणारा वाटाड्या कसा शोधावा? खरेदीच्या दुकानांत फिरवणारे नकोत.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.