मदत हवी आहे: ‘पेरू’मधला ऊ कुठून आला?

‘पेरू’ हा शब्द पोर्तुगीज ‘पेरा’वरून (म्हणजे नासपती) आला, इथवर शंका नाही. कोंकणीत पेर, सिंहलीत पेर, बंगालीत पेयारा. हिंदी ‘अमरूद’चंही तेच: फारसीत तीही नासपतीच. त्यामुळे ‘पेरू देशातून आला म्हणून पेरू’ हे उत्तर कृपया नको. तो देश स्पेनच्या ताब्यात होता आणि शेजारच्या भाषांतला ‘पेर’ त्याने सुटत नाही. (पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की पक्षी, तोही इथे कामाचा नाही.)

अडलंय ते शेवटच्या ऊपाशी. ‘काजू’चा ऊ मूळ पोर्तुगीज ‘काजू’तलाच, ‘पेरा’त तो नाही. काजू, चिकूच्या वळणावर मराठीने तो जोडला असावा, असा माझा अंदाज. लाडू-लाडवाचा होतं, पण पेरूचा, काजूचा, चिकूचा तसंच राहतं, म्हणून तो जुना देशी प्रत्यय वाटत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातले जाम, जांब माहीत आहेत, ते सोडून सांगा: तुमच्याकडे, विशेषतः मालवणी किंवा आगरी बोलीत, फळाला नुसतं ‘पेर’ म्हणतात का, आणि ‘पेरवाचा’ असं रूप कानावर येतं का? विसाव्या शतकाआधीच्या मराठी कागदात ‘पेर’ किंवा ‘पेरू’ कुणी पाहिलाय का?