मदत हवी आहे: गारपिटीच्या क्लेममध्ये छताचा घसारा परत मिळतो का? (डॅलस, टेक्सस)

नमस्कार मंडळी. वसंतातल्या गारपिटीत आमच्या छताच्या शिंगल्सना मार बसला. छताच्या पन्हळीत शिंगल्सवरून सुटलेल्या काळ्या खड्यांचा थर साचलाय, डाऊनस्पाउटला पोचे आलेत.

घराच्या विम्याचं कव्हरेज 4 लाख डॉलर, वारा-गारपिटीचं वेगळं डिडक्टिबल (नुकसानातला आपण स्वतः सोसायचा भाग) 2 टक्के, म्हणजे 8,000 डॉलर. विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरने छताचा खर्च 17,000 धरला, छत 14 वर्षांचं म्हणून 8,500 घसारा कापला. हाती फक्त 500! इतकी वर्षं हप्ते भरून हे फार लागतं.

फोटो, तारखेचा हवामान अहवाल आणि दुसऱ्या रूफरचं एस्टिमेट पाठवून फेरतपासणी मागितली आहे, उत्तर नाही. एक रूफर ‘डिडक्टिबल माफ करतो’ म्हणाला, पण टेक्ससमध्ये 2019 पासून ते बेकायदा आहे, त्यामुळे तो मार्ग सुचवू नका. आपल्या बाजूने क्लेम लढवणाऱ्या पब्लिक अ‍ॅडजस्टरची फी 10 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून तूर्त थांबलोय. छत गळत नाही, गहाणकर्ज चालू आहे.

पॉलिसीच्या डिक्लरेशन पेजवर (सारांशाच्या पानावर) घरापुढे ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ (घसारा न कापता नव्याने करण्याचा खर्च) लिहिलंय, पण छतासाठी वेगळी एंडॉर्समेंट (पॉलिसीच्या अटी बदलणारी पुरवणी) जोडलेली दिसते. काम पूर्ण करून बिल दिल्यावर घसाऱ्याचे 8,500 मिळतील की नाही, हे त्या एंडॉर्समेंटमधल्या नेमक्या कोणत्या शब्दांवरून ओळखायचं?