पडून असलेली गाणी कच्चीच असतात का?

'जे गाणं बाहेर काढलं नाही ते कच्चंच असणार' हे मत इथे कुणीतरी मांडलंय, ते मला पटलं नाही. माझी काही रॉक गाणी पडून आहेत, कारण ती ज्यांच्यावर आहेत ती माणसं घरातच आहेत.

आमच्या रावेरकडे (जळगाव जिल्हा) मे-जूनच्या वादळात घड लागलेली केळी आडवी होते. एका वर्षी तसं झालं नि काका रात्रभर ओट्यावर बसून. व्यापाऱ्याचा फोन वाजत होता, कुणी उचलेना. त्या रिंगच्या ठेक्यावरच रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) सुचली. गिटारची सहावी तार ई वरून डी वर उतरवली, तेव्हा कुठे रिफ जड वाटायला लागली. शब्द प्रमाण मराठीत जमेनात, आमच्याकडच्या लेवा बोलीत भराभर आले. कोरसमध्ये काकांचं कर्ज आकड्यासकट आहे. ते स्टेजवर कसं ओरडू?

बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि गाण्यांचा संग्रह आला १९५२ ला. ती गाणी कच्ची होती का? (तुलना करत नाहीये, दगड मारू नका.)

भुसावळच्या लोको शेडवरचं (रेल्वे इंजिनांच्या शेडवरचं) गाणं मात्र दिवाळीनंतर काढतोय. त्यात घरचं कुणी नाही. ड्रमर तेवढा मिळायला हवा.