अनुभव धागा: कामावरचं पोर्टल तुम्ही स्वतः उघडता का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पगारपत्रकाचं काम पाहते. पगाराची स्लिप, रजा, हजेरी आता सगळं पोर्टलवर आलंय. पण खात्यातल्या निम्म्या कामगारांचे पासवर्ड मुकादमाच्या वहीत लिहिलेले असतात, आणि ते मला फार खुपतं. आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब आपल्याला दिसलाच पाहिजे. तुमच्याकडे कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा. नुसतं ‘छान आहे’ नको.

यंत्रमाग कामगाराची मुलगी, पूर्व भाग
आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत. कारखान्याने वडिलांचं नाव पीएफला तसंच कळवलं, आधारवर मात्र आडनाव शेवटी. त्यात यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, जोडलेला मोबाइल नंबर होता कारखान्यातल्या जुन्या क्लार्कचा, आणि तो कधीच काम सोडून गेलेला! ओटीपी त्याला जाणार, आम्ही बघत बसणार. शेवटी मालकाच्या मंजुरीने संयुक्त घोषणापत्र भरलं, नाव जुळलं, नंबर बदलला.

खरी गोष्ट पुढेच आहे. पीएफचं पासबुक उघडल्यावर वडील भडकले. “माझे १२ टक्के कापतात, मग मालकाच्या रकान्यात एवढे कमी कसे?” मालकही १२ टक्केच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि पीएफला ३.६७ उरतात. पेन्शनसाठी १५,००० रुपयांपर्यंतचाच पगार धरतात, म्हणून तो आकडा १,२५० च्या वर जात नाही. शेजारचा रकाना दाखवून मी दोन्हींची बेरीज करून दिली. तोंडी सांगून त्यांना कधीच पटलं नसतं. आता महिन्याला स्वतः बघतात, आणि गल्लीतल्या चौघांचं पासबुकही उघडून देतात.

रेल्वे, सोलापूर विभाग
पूर्वी पासासाठी ऑफिसात अर्ज द्यायचा, मग चकरा. आम्ही लाइनवरची माणसं, ड्युटी सोडून सोलापूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. २०२० पासून एचआरएमएसवर, म्हणजे रेल्वेच्या कर्मचारी पोर्टलवर, ई-पास मिळतो. मोबाइलवरूनच अर्ज करायचा आणि तिकीटही ऑनलाइन काढायचं. याबाबत माझी काही तक्रार नाही की वो.

आयटी, सध्या जुळे सोलापुरातून काम
कंपनी पुण्याची. तिचं इंट्रानेट, म्हणजे आतलं पोर्टल, फक्त व्हीपीएनवर (कंपनीच्या सुरक्षित जोडणीवर) चालतं. जानेवारीत करसवलतीसाठी घरभाड्याच्या पावत्या चढवायच्या, तर नेमकं तेव्हा व्हीपीएन बंद. मुदत गेली आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जास्त कर (टीडीएस) कापला. असं झालं तर घाबरू नका. घरभाड्याची सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि पगारदाराला ती प्रणाली विवरणपत्र भरतानाही निवडता येते. फक्त विवरणपत्र मुदतीत भरा. मी भरलं, जादा कापलेले पैसे परत आले. पावत्या मात्र जपून ठेवा.

परिचारिका, खासगी रुग्णालय
रजेचा अर्ज पोर्टलवर, आणि पोर्टल फक्त इंग्रजीत. वॉर्डातल्या मावशी सरळ फोन माझ्या हातात देतात, पासवर्डसकट. मी भरून देत नाही. शेजारी बसते, बटण त्यांनाच दाबायला लावते. वेळ लागतो, रात्रपाळीत तर जीव मेटाकुटीला येतो, तरीही. कारण एका मावशींच्या नावाने त्यांना न विचारता बिनपगारी रजा टाकली होती, आणि ते कळलं पगार कमी आला तेव्हा. हे मला अजून सहन होत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं एकाच पाळीत काम करतात. रजेच्या अर्जात असतात किती शब्द? ते तिन्ही भाषांत द्यायला काय हरकत आहे?

धागा सुरू करणारी
ताई, हे मी उद्याच आमच्या साहेबांपुढे ठेवते. मराठी मजकूर मी लिहीन, कन्नडसाठी खात्यात एक जण आहेत. तेलुगू कुणी तपासून देईल का?

यंत्रमाग कामगाराची मुलगी
मी देते. बिनपगारी रजेची ओळ सगळ्यात वर आणि ठळक ठेवा.