घरातलं कामाचं टेबल: तुमचं कसं जमलं?

२०२० च्या मार्चमध्ये डायनिंग टेबलावर मांडलेली ऑफिसं अनेकांच्या घरी अजून तिथेच आहेत. आमच्याकडेही. धनकवडीत वन बीएचके, दोघांचंही काम घरून, आणि जेवायची वेळ झाली की लॅपटॉप उचला, वायरी गुंडाळा. आता दोघांच्या दोन पक्क्या जागा करायच्या आहेत.

सजवलेल्या कोपऱ्यांचे फोटो नेटवर ढिगाने पडलेत, ते नकोत. कुठल्या भिंतीला बसता, उजेड कुठून येतो, उंची किती, आवाजाचं काय करता, ते लिहा. पुण्यातल्या घरांबद्दलच बोलू.

कोथरूड, सीए

रंग, रोपं, दिवे नंतर. आधी टेबलाची उंची मोजा. तयार टेबलं साधारण २९-३० इंचांची असतात. माझी उंची पाच फूट, त्यामुळे त्यावर टायपिंग म्हणजे खांदे वर उचलून बसणं. संध्याकाळपर्यंत मान धरायची. कोपर काटकोनात आणि खांदे सैल राहतील अशी उंची हवी. सुताराकडून टेबलाखाली २५ इंचांवर सरकता कप्पा करून घेतला, कीबोर्ड-माउस त्यावर. ते करायचं नसेल तर खुर्ची वर घ्या आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट ठेवा. आमचा देवघरातला जुना पाट बरेच दिवस त्या सेवेत होता. (सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण गुरुवारी तो परत जागेवर दिसायचा.)

लॅपटॉप उंच करा म्हणून सगळे सांगतात, पण नुसता उंच केला तर हातांचे हाल. वेगळा कीबोर्ड घेतलात तरच त्याला अर्थ. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर.

सदाशिव पेठ, अनुवादक

वाड्यातलं घर. भिंती इतक्या जाड की राउटर पुढच्या खोलीत आणि मी माजघरात बसलो की नेट गायब. जोडणीवाल्या मुलाने वायफाय ५ गिगाहर्ट्झवरून २.४ वर टाकून दिलं. ते भिंतींतून जास्त पोचतं हे खरं, पण वेग पडतो. शेवटी तपकीर गल्लीतल्या दुकानातून लॅनची (राउटरला थेट जोडायची) वायर विकत आणली आणि दाराच्या चौकटीवरून थेट टेबलापर्यंत ओढली. दिसायला बेंगरूळ आहे. चालते मात्र मस्त.

कर्वेनगर, सॉफ्टवेअर

माझा त्रास मोसमी. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो, आणि न्यूयॉर्कच्या सकाळी दहाचा कॉल त्या दिवसांत आपल्याकडे साडेसातला येतो. हिवाळ्यात तोच साडेआठला असतो, पण तेव्हा ढोल नसतात!

जाड पडदे लावले, भिंतीला घोंगडी टांगली. खोलीत घुमणारा आवाज त्याने कमी होतो, बाहेरचा ढोल अजिबात अडत नाही. आवाज येतो तो सरकत्या खिडकीच्या फटींतून. तिथे रबरी पट्टी लावल्यावर थोडा फरक पडला. खरा उपाय म्हणजे तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट, आणि त्या दिवसांपुरतं आतल्या खोलीत जाऊन बसणं. ढोल बंद करा असं मी म्हणणार नाही, धाकटा भाऊ पथकात आहे.

वारजे, चित्रकार

खिडकी बाजूला घ्या. पाठीमागे असली तर स्क्रीनवर चमक आणि कॉलवर तुमचा चेहरा काळा. समोर असली तर डोळे दिपतात. माझी खिडकी पश्चिमेची, एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर भट्टी. आतल्या पडद्याने उजेड गेला, उकाडा तसाच, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चटई सोडली, तेव्हा बसवू लागलं. पावसाळ्यात ती गुंडाळून ठेवायची, नाहीतर बुरशी.

शनिवार पेठ, निवृत्त शिक्षक

मी ऑनलाइन संस्कृत शिकवतो. खुर्ची नाही, टेबल नाही. जुन्या बाजारातून उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क आणलं, भिंतीला लोड आणि मांडी. मात्र तास संपला की उठतोच. गुडघे आठवण करून देतात, गजर लावावा लागत नाही.

धनकवडी (धागाकर्ती)

काका, बैठ्या डेस्कवर लॅपटॉप घसरत नाही का? आणि वीज गेल्यावर काय करता, सगळेच सांगा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी जातेच.

शनिवार पेठ

खालच्या कडेला पट्टी आहे, पूर्वी दौत घसरू नये म्हणून असायची.

सदाशिव पेठ

ताई, पूर्ण घराचा इन्व्हर्टर परवडत नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या. राउटरला वीज फार लागत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी असतेच. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून जा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही निघतात, आणि दुकानदार विचारत नाही.