कॉग्निटिव्ह सायन्सचा मायनर पूर्ण करताना विषयांची जुळणी कशी करावी?

प्रश्न : विद्यार्थिनी, मालवण

मी सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन चौथ्या सत्रात शिकत आहे आणि मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, कॉग्निटिव्ह सायन्समध्ये (मन आणि बुद्धी कशी चालते याचा अनेक विषयांतून होणारा अभ्यास) पूर्ण करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्याकडे त्या नावाचा विभाग नाही. मानसशास्त्राचे आठ श्रेयांक झाले आहेत, तत्त्वज्ञानाचा एक पेपर घेता येईल, भाषाविज्ञान मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात जेवढे येते तेवढेच. मागच्या सत्रात मी एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला, परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवले. परंतु पूर्वपरवानगी घेतली नव्हती म्हणून महाविद्यालयाने ते श्रेयांक धरले नाहीत. त्याचे वाईट वाटलेच, पण त्याहून मोठी काळजी अशी की चार विभागांतले चार पेपर गोळा करून मायनर कागदावर पूर्ण झाला, तरी त्यांचा एकमेकांशी संबंध मला कळला नाही तर उपयोग काय?

उत्तर : मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

आधी कागदाचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी २४ मायनरसाठी धरले आहेत, आणि मायनर आंतरविद्याशाखीय क्षेत्रातही घेता येतो असे त्यात म्हटले आहे. तुला लागू होणारा आकडा मात्र तुझ्या विद्यापीठाच्या परिपत्रकातलाच. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ज्यावर असतात त्या केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा २०२१ च्या विनियमांनी दिली आहे. तरीही नावनोंदणी करण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे नाव, आठवडे आणि श्रेयांक लिहून प्राचार्यांची लेखी मान्यता घे आणि पोच जपून ठेव.

आता तुझ्या खऱ्या काळजीकडे वळतो. ही विद्याशाखा मुळात निरनिराळ्या विषयांतल्या माणसांना एकच प्रश्न पडला म्हणून उभी राहिली, तेव्हा मायनरही एका प्रश्नाभोवतीच बांधावा असे माझे स्पष्ट मत आहे. पेपर कोणते घ्यायचे ते त्यानंतर ठरते. आपल्या मराठीतलाच एक प्रश्न सुचवतो. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी आणि वीस नंतर येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले आणि राज्यभर वाद झाला. हे पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने त्यामागे जोडाक्षरांची आणि या उलट्या क्रमाची अडचण सांगितली होती. तू त्या वादात कोणत्याही बाजूला असलीस तरी प्रश्न उरतोच : शब्द ऐकल्यापासून आकडा उमटेपर्यंत मुलाच्या मनात काय घडते? शब्दाची घडण भाषाविज्ञान सांगेल. वीस येईपर्यंत पाच कुठे धरून ठेवला जातो, हे पाहायला बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेली कार्यस्मृतीची, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, कल्पना उपयोगी पडेल. मराठी संख्याशब्दांचे अंक करणारा छोटा प्रोग्रॅम तू स्वतः लिहू शकतेस, आणि तो लिहिताना एकोणचाळीसपाशी नियम कसा अडतो ते तुला दिसेलच. त्या प्रोग्रॅमला ‘संख्या कळते’ असे म्हणावे का, हा तत्त्वज्ञानाच्या पेपरचा विषय झाला.

उत्तर : कुडाळची, सध्या गांधीनगर येथे एमएस्सी, कॉग्निटिव्ह सायन्स

सरांच्या म्हणण्यात एकाच गोष्टीची भर घालते : संख्याशास्त्राचा एक पेपर काहीही करून घे. मी तो टाळला होता आणि इथे आल्यावर पहिले सत्र तो भरून काढण्यातच गेले. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, त्यामुळे ऐकलेली संख्या लिहिताना अंक उलटे होण्याच्या चुकांवर तिकडे बरेच संशोधन झालेले आहे. ते वाचायचे तर सरासरी आणि विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) यांच्या पुढे जावे लागते. एनपीटीईएलच्या परीक्षेला केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते, म्हणून तुझी सत्रपरीक्षा त्याच दिवसांत येत नाही ना, तेही आधीच बघ.

विद्यार्थिनी, मालवण

सर, ताई, आपले मनःपूर्वक आभार. प्राचार्यांना अर्ज दिला, पोच घेतली. काल संध्याकाळी दुसरीतल्या चुलत भावाला पडवीत पाटी देऊन बसवले आणि वीस संख्या सांगितल्या. ‘पंचवीस’ म्हणताच त्याने पाटीच्या मधोमध ५ काढला, जरा थांबला, आणि मग त्याच्या डावीकडे २ लिहिला. ‘त्रेचाळीस’लाही तसेच. पाटीवर उत्तरे बरोबर होती, म्हणजे नंतर कोणी ती नुसती तपासली असती तर यातले काहीच दिसले नसते.

मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

हे फार चांगले टिपलेस. यापुढे प्रत्येक संख्येसमोर तीन रकाने ठेव : काय लिहिले, कोणता अंक आधी लिहिला, मध्ये किती वेळ थांबला. शाळेतल्या इतर मुलांकडे जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घे, आणि वहीत मुलांची नावे लिहू नकोस, क्रमांक दे.